ट्रकची पायरीही तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अवजड वाहनांच्या सुरक्षिततेची चर्चा वेग, मद्यपान आणि ब्रेक यांच्याभोवतीच फिरते. उभ्या ट्रकमधून खाली उतरताना चालकाला होणाऱ्या दुखापतीचा विचार क्वचितच होतो. कळंबोलीचा पोलाद बाजार, भिवंडीची गोदामे किंवा उरणकडची कंटेनर यार्डे, कुठेही पाहा, दरवाजा उघडून केबिनमधून थेट खाली उडी मारणारे चालक आणि क्लीनर हमखास दिसतात. तासन्‌तास बसून कंबर आणि गुडघे आखडलेले असताना एवढ्या उंचीवरून मारलेल्या उडीत पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. घोटा मुरगळतो, कधी टाचेचे हाडच मोडते, आणि फेरीवर पैसे मिळवणाऱ्या माणसाची कमाई त्या दिवसापासून थांबते.

उतरण्याची सुरक्षित रीत कठीण नाही. तोंड केबिनकडे ठेवावे, दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात असे तीन आधार सतत राखावेत आणि मोबाइल, डबा, बिल्टी (मालाची पावती) हातात न घेता सीटवर ठेवून खाली आल्यावर उचलावी. मात्र आपल्याकडे चालकाचा दरवाजा उजवीकडे, म्हणजे वाहत्या रहदारीच्या बाजूला उघडतो. महामार्गाच्या कडेला त्या बाजूने, रहदारीकडे पाठ करून सावकाश उतरायचे म्हणजे दुसराच धोका पत्करणे. त्यामुळे चालक घाईने उडी मारतो, यात त्याचा सगळा दोष मानता येणार नाही. अशा ठिकाणी डाव्या दरवाजाने उतरावे, पण त्यासाठी डावीकडची पायरी आणि हाताने धरायची दांडीही तितकीच मजबूत हवी.

नेमके इथेच घोडे अडते. अनेक जुन्या गाड्यांची पायरी वाकलेली, दांडी निखळलेली किंवा ग्रीसने माखलेली असते आणि पावसाळ्यात त्यावर चिखलाने माखलेल्या स्लिपर पडतात. अमेरिकेत इंजिनावर केबिन असलेल्या उंच ट्रकना, चढता-उतरता तीन अवयवांचा आधार मिळेल अशा पायऱ्या आणि दांड्या असणे संघराज्याच्या नियमानेच बंधनकारक आहे. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२५पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे स्वागतार्हच आहे; पण रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाड्यांचे काय? व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत दोन्ही बाजूंच्या पायऱ्या व दांड्या काटेकोरपणे पाहाव्यात आणि त्या सदोष असतील तर दुरुस्त होईपर्यंत प्रमाणपत्र देऊ नये. वाहतूकदारांनी मात्र त्याची वाट पाहू नये, कारण हे वेल्डिंगचे काम गाडीच्या एका टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तात होते. गोदामे आणि यार्डे चालवणाऱ्यांनीही गाड्या उभ्या राहतात ती जागा सपाट व रात्री उजेडाची ठेवावी.

आपला,
एक वाचक, कळंबोली