मित्रास पत्र : 'इंटिमेट' करण्याबद्दल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. सईच्या ग्लासगोच्या खोलीचं डिपॉझिट कधी परत मिळेल हे विचारायला तू तिथल्या एजंटला ईमेल धाडलास, त्यात 'काइंडली इंटिमेट मी द डेट' असं लिहिलंस आणि लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा, याचा अर्थ भलताच होतो!" भांडण बाप-लेकीचं आणि पंच मी! बरं, निकाल ऐक. शब्द बरोबर आहे, रचना जरा घसरलीय, आणि सई म्हणते तसला अर्थ त्यात मुळीच नाही.

तिचा घोटाळा स्पेलिंगमुळे होतो. 'जवळचा, खाजगीतला' या अर्थाचं विशेषण आणि 'कळवणे' या अर्थाचं क्रियापद, दोन्ही अक्षरशः सारखीच लिहितात. बोलताना मात्र इंग्रज फरक करतो. विशेषणाचं शेपूट आखडून 'इंटिमिट' असं काहीसं म्हणतो, क्रियापदाचं 'मेट' पूर्ण उच्चारतो. 'सेपरेट', 'एस्टिमेट' यांचंही तसंच. आपण मराठी माणसं सरसकट 'मेट' म्हणतो, त्यामुळे हा भेद आपल्या कानावर कधी पडलाच नाही.

मूळ लॅटिन. 'इंतिमुस' म्हणजे सगळ्यात आतला. त्यावरून 'इंतिमारे', म्हणजे आत घालणं, मनावर ठसवणं, आणि पुढे रीतसर जाहीर करणं. सोळाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत आलं ते 'अधिकृतपणे कळवणे' याच अर्थाने. 'आडून सुचवणे' हा अर्थ त्याला थोड्या काळाने चिकटला आणि मग मूळ मालकालाच घराबाहेर काढून बसला. वेबस्टरच्या १८२८च्या कोशात पहिला अर्थ तोच आहे: अप्रत्यक्षपणे, फारसं स्पष्ट न बोलता सुचवणं. म्हणजे आजच्या लंडनवाल्याला 'ही इंटिमेटेड दॅट ही वुड रिझाइन' असं वाचलं की वाटतं, गृहस्थ राजीनाम्याचं नुसतं सूतोवाच करून गेला. आपल्या हेडक्लार्कला वाटेल, राजीनामा टेबलावर आला, आवक नोंदवहीत चढवा.

आपल्या कचेऱ्यांनी जुना अर्थ घट्ट धरून ठेवला, आणि मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. आमच्या वेळी मसुद्यात साधं 'टेल' लिहिलं तर साहेबांची लाल शाई ठरलेली. 'इन्फॉर्म' चालायचं, पण 'काइंडली इंटिमेट द अंडरसाइन्ड' लिहिलं की कागदाला वजन यायचं. 'सिलेक्टेड कँडिडेट्स विल बी इंटिमेटेड' या वाक्यावर आपल्या पिढीने किती पोस्टमनची वाट पाहिली! बँकेच्या 'क्रेडिट ॲडव्हाइस'मध्ये, म्हणजे खात्यात पैसे जमा झाल्याच्या चिठ्ठीत, तरी कोण कुणाला सल्ला देतं? तिथेही 'कळवणे' हाच जुना अर्थ जिवंत आहे.

आणि हा नुसता कारकुनी थाट नाही, यावर पैसे अडतात. आपण जन्मभर ज्याच्याखाली रिटर्न भरले, त्या १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम १४३(१) आठव. त्याखाली येते ती 'इंटिमेशन': तुझा हिशोब आणि त्यांचा हिशोब जुळला की नाही, रिफंड आहे की देणं, एवढं सांगणारा कागद. शेजारचे नाना तो आला की नोटीस आली म्हणून देव पाण्यात ठेवतात. कलम २४५ मध्ये तर जुन्या थकबाकीत रिफंड वळवण्याआधी लेखी इंटिमेशन द्यायलाच हवी. आरोग्य विम्याचंही तसंच. हॉस्पिटलात भरती झाल्यावर पॉलिसीत दिलेल्या मुदतीत 'क्लेम इंटिमेशन' करावं लागतं. तिथे आडून सुचवून चालत नाही.

आता तुझ्या रचनेबद्दल. इंग्रजी कोशांप्रमाणे या क्रियापदाचं कर्म म्हणजे बातमी, माणूस नव्हे. अमुक गोष्ट अमक्याला इंटिमेट करायची. 'इन्फॉर्म मी'च्या चालीवर आपण 'इंटिमेट मी' करून टाकलं. भारतात ते रुळलंय, पण बाहेरच्या वाचकाला पुढ्यात माणूस दिसतो आणि त्याला नेमकं विशेषण आठवतं. सईचं हसू तिथलं आहे, आणि तेवढ्यापुरतं तिला माफ.

गंमत अशी की ती हसली कुठे, तर स्कॉटलंडमध्ये! तिथे हा शब्द अजून पोटापाण्याला लागलेला आहे. स्कॉटिश कायद्यात आपलं येणं दुसऱ्याच्या नावे केलं, तर ऋणकोला 'इंटिमेशन' देण्याची पद्धत जुनी आहे. ती कशी द्यायची यासाठी १८६२ साली एक कायदाही झाला. तिथल्या चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेच्या वेळी सूचना वाचून दाखवतात, त्यांनाही 'इंटिमेशन्स'च म्हणतात. जवळपासच्या चर्चमध्ये एकदा बसून ये म्हणावं.

आणि आपण तरी कुठे वेगळे? फळ्यावर लावतो ती 'सूचना' अगदी रोखठोक, पण 'सूचक हसणं' म्हणजे न बोलता बरंच काही. 'सूचित करण्यात येते की' हे परिपत्रकात हुकमासारखं येतं, आणि कवितेच्या रसग्रहणात 'सूचित अर्थ' म्हणजे न सांगितलेला. संस्कृत नाटकात तर युद्ध, मृत्यू असं रंगमंचावर न दाखवण्याजोगं ते 'सूच्य', आणि विष्कंभकातली, म्हणजे मधले दुवे जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातली, पात्रं तेच चक्क बोलून सांगतात. एकाच शब्दात स्पष्ट आणि अस्पष्ट दोन्ही नांदतात आणि आपली कधी गफलत होत नाही, कारण कागद कुठला ते आपल्याला कळतं.

तेव्हा एजंटला पुन्हा लिहिशील तेव्हा 'प्लीज लेट मी नो' लिही, 'मी' खुशाल ठेव, काम पटकन होईल. तुझ्या सोसायटीच्या पत्रांत मात्र इंटिमेट सोडू नकोस. चेअरमनला 'लेट मी नो' लिहिलंस तर तो उत्तरच देणार नाही.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद. डिपॉझिट आलं की कळव, मराठीत.

तुझा,
सुधाकर