घाटावर निघालेल्या लेकीस

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी मंचरकडच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीचे फोटो काढायला जाणार, असे तू काल सांगितलेस, मी "कशाला?" एवढेच विचारले आणि तू फोन ठेवलास. म्हणून हे लिहितो आहे.

तू फोटो काढतेस त्या क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषा असते आणि चेंडू कुठून येणार हे तुला ठाऊक असते. घाटाचे, म्हणजे गाडा पळतो त्या धावपट्टीचे, तसे नाही. आपल्याकडे गाडा चढावर पळतो आणि त्यावर हाकणारा नसतो. मागे धुरेचे बैल, पुढे जुकाटाचे आणि त्यांच्याही पुढे घोडीवरचा स्वार. सातारा-सांगलीकडे छकड्यावर गाडीवान असतो, तेव्हा तिकडचे फोटो पाहून इकडचा अंदाज बांधू नकोस. इथे शर्यत घड्याळाशी असते, काही सेकंदांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते. पण शेवटची रेषा ओलांडली म्हणून बैल थांबत नाहीत. आणि समोरून चेहरे मिळावेत म्हणून तू नेमकी त्याच टोकाला उभी राहशील, हे मी तुला ओळखून आहे.

खरे तर समोरून वेग दिसतच नाही, तो बाजूने दिसतो. शटर १/६० वर ठेवून बैलाबरोबर कॅमेरा फिरवलास तर मागची गर्दी पुसली जाईल आणि डोळा तेवढा लख्ख उरेल. हे तुला मी शिकवावे, असे नाही; बापाची खोड समज आणि सोडून दे. फ्लॅश मात्र लावू नकोस, बैल बुजतात.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा तू शाळेत होतीस, म्हणून हा खेळ तुला परका राहिला. आप्पांनी मात्र आपल्या सर्जा बैलाला विकले नाही. शर्यत नसतानाही त्याचा खुराक चालू होता आणि आई त्यावरून रोज बोलत असे. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ साली घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही उचलून धरला, पण तोवर गोठ्यात कोणी उरले नव्हते. चाबूक-काठीला आता मनाई आहे; तरी शेपटी पिरगाळणारा हात दिसला तर तोही टिप, गावाचा मुलाहिजा ठेवू नकोस.

माझे ऐकशील तर जुपणीपाशी, म्हणजे बैल गाड्याला जुंपतात तिथे, जास्त वेळ घालव. टाचा मातीत रोवून कासरे ताणणारी माणसे, जू खांद्यावर टेकताच थरथरणारी कातडी, नाकपुड्यांवरचा गुलाल. हे पळणाऱ्या गाड्यापेक्षा कमी नाही. आणि रेषेपासून लांबही आहे, हे तुझ्या लक्षात आलेच असेल.

तुझा तो गोलंदाजाचा छापून आलेला फोटो मी दुकानातल्या काचेखाली ठेवला आहे. गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच नाव सांगतो.

विलासकाकांना मी फोन केला आहे, रागावू नकोस. ते निवेदकाच्या माचाजवळ असतील. तिथून रेषा स्वच्छ दिसते आणि मध्ये दगडी बांध आहे. तो बांध तेवढा ओलांडू नकोस.

तुझे बाबा