मुघल चित्राखाली चित्रकाराचं नाव का नाही?

संपादक साहेब, नमस्कार,

परवाच्या पुरवणीत तुम्ही मुघल मिनिएचर (लघुचित्र हो) छापलं, मस्त मोठं, कलर पण झकास आलेत, आणि खाली काय तर ‘मुघल शैली’. बस, विषय संपला! काढलं कोणी?

अहो, अकबराच्या चित्रशाळेत कारकून चित्राच्या समासात लिहून ठेवायचे की आखणी कोणाची, रंग कोणी भरले, कधी कधी तर चेहरे कोणी काढले तेही. म्हणून तर आज आपल्याला बसावन माहितीये, दसवंत माहितीये. हा दसवंत पालखी वाहणाऱ्या कहाराचा पोरगा, भिंतींवर चित्रं काढत बसायचा, बादशहाच्या नजरेत भरला आणि इराणहून आलेल्या अब्दुस समदच्या हाताखाली शिकायला गेला, हे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनंच लिहून ठेवलंय. आणि जहांगीर? तो तर आत्मचरित्रात चक्क फुशारकी मारतो की एकाच चेहऱ्यातले डोळे-भुवया दुसऱ्या कोणी काढल्या असतील तरी मी ओळखीन. त्याच्या दरबारातल्या चित्रकार मन्सूरनं १६२१ मध्ये दरबारात आलेला झेब्रा काढला, या मन्सूरला तर ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताबच होता.

आता आजचं सांगतो. जयपूरला गेलो होतो तेव्हा एका दुकानात जुन्या वहीच्या पानावर काढलेलं चित्र दाखवलं, म्हणे दोनशे वर्षांपूर्वीचं. पान जुनं होतं हो, पण चित्र ताजं! तरी काम बघून थक्क झालो, खारीच्या केसांच्या ब्रशनं दाढीचा एकेक केस काढलेला. विचारलं कोणी काढलं, तर उत्तर आलं, ‘कारीगर’. म्हणजे ज्यानं कागदावर कागद चिकटवून वसली बनवणं, अकीकच्या दगडानं ती घोटणं, बारीक रेघा-ठिपक्यांची परदाज हे सगळं वर्षानुवर्षं शिकून घेतलं, तो नुसता कारीगर, आणि त्याचं नाव लिहिलं तर चित्र ‘जुनं’ म्हणून खपणार कसं, म्हणून नाव नाहीच.

तिकडे लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये १९८०च्या दशकात मिनिएचर हा डिग्रीचा विषय झाला, तिथून शाहझिया सिकंदर आली, इम्रान कुरेशी आला, ज्यानं २०१३ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची अख्खी गच्ची रंगवली. त्यांची नावं जगाला पाठ आहेत.

तर पुढच्या वेळी छापाल तेव्हा, माहीत असेल तर, कॅप्शनमध्ये चित्रकाराचं नाव टाका प्लीज. जागा कमी पडली तर ‘मुघल शैली’ गाळा, ते चित्र बघून कळतंच.

— एक जुना वाचक