दोघेच उरल्यावर

संपादक महोदय,

पोकरवरील आपल्या लेखात शेवटच्या दोघांच्या लढतीला जेमतेम दोन ओळी मिळाल्या. नऊ जणांच्या छोट्या स्पर्धेत पहिल्याला बहुधा ५० टक्के, दुसऱ्याला ३० टक्के मिळतात. मी कित्येकदा दुसरा आलो, कारण चांगल्या पानांची वाट पाहत बसायचो आणि ब्लाइंड (पाने वाटण्याआधीच सक्तीने लावायच्या पैजा) मला कुरतडत राहायचे. दोघांत बटणवालाच (पाने वाटणाऱ्याची खूण ज्याच्यासमोर असते तो) स्मॉल ब्लाइंड, म्हणजे लहान पैज भरतो; मोठी, म्हणजे बिग ब्लाइंड, दुसरा. फ्लॉपआधी (टेबलावरची पहिली तीन सामाईक पाने उघडण्याआधी) पहिली चाल त्याची, नंतर प्रत्येक फेरीत शेवटची. म्हणून बटणावर मी आता बहुतेक हात खेळतो. जोडी नसलेल्या पानांना फ्लॉपवर जोडी साधारण तीनांत एकदाच लागते, आणि हे समोरच्यालाही लागू आहे! चिप्स १० बिग ब्लाइंडच्या खाली गेल्या, की मात्र ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणे) किंवा फोल्ड (पाने टाकून देणे). एक्का हाती असला तर मी विचारही न करता ऑल-इन जातो.

– दुसऱ्या क्रमांकाला कंटाळलेला एक वाचक