विमा स्वस्त झाला, बिलाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून माफ झाला आणि आरोग्य विमा आता सामान्यांच्या आवाक्यात आला, असा सूर सर्वत्र लागला. सवलत खरी आहे, स्वागतार्हही आहे. पण ती किती काळ पुरणार, याचा हिशेब मांडायला हवा. साठीपुढच्या विमाधारकांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपन्यांनी आधी विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असे बंधन जानेवारी 2025 मध्ये घालण्यात आले. याचाच दुसरा अर्थ असा की, 10 टक्क्यांपर्यंतची वाढ त्यांना कोणाला न विचारता करता येते. मूळ हप्ता 100 रुपये धरला, तर पूर्वी करासह 118 रुपये भरणारा ज्येष्ठ नागरिक अशा दोन वाढींनंतर एक पैसाही कर न भरता 121 रुपयांवर जाऊन पोहोचतो. साठीच्या आतल्यांना तर ही मर्यादाही लागू नाही.

हप्ते वाढण्यामागे कंपन्यांचे खर्च आणि एजंटांचे कमिशन असेलही, पण मुख्य भार दाव्यांचा असतो आणि दाव्यांची रक्कम ठरते ती रुग्णालयाच्या बिलावर. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांची विम्याची कागदपत्रे लावून देण्याचे काम मी हौसेने करतो. त्यात पुन्हा पुन्हा दिसणारा प्रकार आकडे गोल करून सांगतो. विमा 3 लाखांचा, त्यात खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये. रुग्णाला खोली मिळते 6,000 रुपयांची, मुक्काम चार दिवसांचा. नातेवाइकांचा समज असा की, वरचे 12,000 आपण भरायचे आणि बाकीचे कंपनी देईल. प्रत्यक्षात खोली मर्यादेच्या दुप्पट दराची असल्याने सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी हा सगळा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा कापला जातो. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट तेवढे या कपातीतून सुटतात. शस्त्रक्रियेशी निगडित शुल्क एक लाख असेल, तर 50,000 तिथे आणि 12,000 खोलीचे, असे 62,000 रुपये घरून जातात. आणि विम्याचे 3 लाख तर निम्मेही वापरले गेलेले नसतात!

अशा वेळी शिव्या विमा कंपनीला बसतात. पॉलिसीतील ही अट विकताना कोणी समजावून सांगत नाही, हा दोष कंपन्यांचाच. परंतु या कपातीमागचे कारण अधिक गंभीर आहे. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की त्याच सर्जनची, त्याच शस्त्रक्रियेची फी बदलते. सुरी तीच, टेबल तेच, भूल तीच. मग रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कोणत्या खोलीत झोपणार यावर फी का ठरावी, याचे वैद्यकीय उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

विमा नियामकाने 2024 मध्ये चांगली पावले उचलली. विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजारांवर दावा करता येण्यापूर्वीचा प्रतीक्षा काळ चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणला, कॅशलेस (कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देण्याची) मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन घातले. मात्र नियामकाचा अधिकार कंपन्यांवर चालतो, रुग्णालयांच्या दरपत्रकावर नाही. तो अधिकार राज्याचा आहे. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही; आपण अजून 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच काम भागवतो. त्याच्या नियमांत 2021 मध्ये सुधारणा होऊन खोलीभाडे, डॉक्टरांची भेट अशा ठरावीक बाबींचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. वाचकांनी पुढच्या खेपेस रुग्णालयात गेल्यावर तो फलक शोधून पाहावा.

दर ठरवणे अशक्य आहे, असेही म्हणता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्य सरकार ते वर्षानुवर्षे करत आले आहे. 1 जुलै 2024 पासून ही योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना, वर्षाला 5 लाखांपर्यंत लागू झाली आणि तिच्यातील प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. तिथे रुग्णालयांची तक्रार अशी की, दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत. ही तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही, कारण तोट्यात जाणारे रुग्णालय योजनेतून अंग काढून घेते किंवा खाटा शिल्लक नसल्याचे सांगते आणि मग कार्ड हाती असूनही तालुक्याच्या रुग्णाला जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते.

म्हणून शासनाकडे मागणी अशी की, योजनेचे दर खर्चाच्या आधारे ठरावीक काळाने सुधारावेत, रुग्णालयांची देयके मुदतीत न चुकवल्यास त्यावर व्याज द्यावे, आणि त्याच्या बदल्यात विमाधारक व रोखीने पैसे भरणाऱ्या रुग्णांसाठीही शस्त्रक्रियेच्या फीची कमाल मर्यादा ठरवून ती खोलीच्या वर्गापासून तोडावी. हे होईपर्यंत, निदान 2021 च्या नियमातील दरफलकांची तपासणी जिल्हा शल्यचिकित्सक आणि महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी करून तिचा अहवाल जाहीर करावा. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त वाचक, सातारा