डाव्या हाताचा घास

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, मला बेसबॉल थांबवावंसं वाटतंय," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग एवढी वर्षं घातली ती कशासाठी?" तू नुसतं "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. तिचं चुकत नाहीये. मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

२०२२ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये सँडी कोफॅक्सचा पुतळा नवाच बसला होता. तू त्याच्यासमोर तसाच पाय उचलून उभा राहिलास. तो फोटो अजून फ्रिजवर आहे. माझ्या लेखी तेव्हा तो एक मोठा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, तुझ्यासारखा, इतकंच. गेल्या दोन रात्री झोप नव्हती, म्हणून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसलो.

खरं तर हा खेळ मला उशिरा कळला. साताऱ्याला आम्ही क्रिकेट खेळायचो तेव्हा बोलरचं कोपर जरा वाकलं की "ए, फेकतोय रे!" म्हणून भांडणं व्हायची. इथे येऊन पाहतो तर अख्खा खेळच फेकण्याचा. कोपराच्या आतल्या अंगाला एक लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) असतं आणि प्रत्येक जोरदार फेकीला ते ताणलं जातं, हे मला ठाऊकही नव्हतं. मी आपला जाळीमागे उभा राहून ताशी किती मैल तेवढं बघत होतो.

तर कोफॅक्स. १९५५ साली, एकोणीस वर्षांचा असताना तो ब्रुकलिनच्या डॉजर्स संघात आला. पहिल्या सहा मोसमांत त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव. वेग भरपूर, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. १९६१ मध्ये सरावाच्या दिवसांत नॉर्म शेरी नावाच्या कॅचरने त्याला सांगितलं की सगळा जोर लावू नकोस, जरा हात सैल सोड. तिथून गाडी रुळावर आली. १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं नॅशनल लीगमधली सर्वांत कमी सरासरी (दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा) त्याचीच. ९ सप्टेंबर १९६५ ला शिकागो कब्स संघाविरुद्ध परफेक्ट गेम. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीसच्या सत्तावीस परत गेले.

हे तुला पाठ आहे. मला धरून ठेवलं ते कोपराने. ऑगस्ट १९६४ मध्ये मिलवॉकीला दुसऱ्या बेसवर परत झेप घेताना तो हातावर पडला. सांध्याला संधिवात जडला. पुढच्या वर्षी सराव सामन्यात पूर्ण नऊ इनिंग्ज, म्हणजे अख्खा सामना, टाकून झोपला आणि सकाळी उठून पाहतो तर आतल्या आत रक्त साकळून अख्खा हात काळानिळा. त्या अवस्थेत त्या मोसमात ३३५ हून जास्त इनिंग्ज आणि ३८२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर)! सामन्याआधी मिरचीचा अर्क घातलेलं जहाल मलम, सामन्यानंतर कोपर बर्फात, मधूनमधून सूज उतरवणाऱ्या कॉर्टिझोनची इंजेक्शनं. डावा हात सरळच होईना, तेव्हा म्हणे कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घेतली. वाचताना मी नकळत माझाच हात लांब करून बघितला.

आणि आता ऐक, कारण हे मला माहीत असतं तर परवा मी तसं बोललो नसतो. १९६५ मध्येच त्याने सॅन दिएगोच्या फिल कॉलियर नावाच्या बातमीदाराला सांगून टाकलं होतं की पुढचं वर्ष शेवटचं. कॉलियरने वर्षभर ब्र काढला नाही. म्हणजे ठरवून झाल्यावर हा गडी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) गेला आणि २७ विजय, ९ पराभव, १.७३ ची सरासरी असं कारकिर्दीतलं सर्वांत चांगलं वर्ष टाकलं. १८ नोव्हेंबर १९६६ ला बेव्हर्ली हिल्सच्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावून निवृत्ती जाहीर केली. वय तीस. पगार वर्षाला सव्वा लाख डॉलर, त्या काळातले. पैशाचं विचारलं तेव्हा तो काय म्हणाला माहीत आहे? ज्याचा एक हात निकामी झालाय त्याला पैसे मोजून तो परत मिळत असेल, तर तो माणूस होतं नव्हतं ते देऊन टाकेल. पुढची पुष्कळ वर्षं त्याला धडधाकट शरीराने जगायची होती.

आज तो नव्वदीत आहे.

एकच बाजू सांगतोय असं समजू नकोस. त्याच डॉजर्सच्या टॉमी जॉनचं लिगामेंट १९७४ मध्ये फाटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाशी जोडणारा दोर) काढून डाव्या कोपरात बसवला. असं त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. ७५ साल बसून गेलं, मग गडी ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळला आणि २८८ पैकी १६४ विजय ऑपरेशननंतर मिळवले. म्हणजे फाटलेल्या लिगामेंटवर आज इलाज आहे. झिजलेल्या सांध्याचं गणित वेगळं. तुझं नेमकं काय आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखव, पैशाचं मी बघतो. तुझे कोच इंजेक्शन घेऊन मोसम काढू म्हणाले, त्याला लगेच हो म्हणू नकोस.

आणि 'घातलेल्या वर्षां'चं. शनिवारी पहाटे पाचला उठून रिव्हरसाइडच्या मैदानांवर जायचं, डब्यात आईचे पोहे, थर्मासात चहा, आणि तुझ्या टीममधली पोरं "अंकल, त्या पिवळ्या राइसमधलं थोडं द्या ना" म्हणून मागे लागायची. ती वर्षं माझीही चैनीत गेली. त्यांचं बिल मी तुझ्या नावावर फाडलं, तिथेच माझं चुकलं.

एक गोष्ट राहिली. लहानपणी साताऱ्याला आजी तुझ्या उजव्या हातात घास द्यायची आणि तिची पाठ वळली की तू तो डाव्यात घ्यायचास. सगळा वाडा हसायचा. शेवटी आजीच दमली. या दिवाळीला तू घरी आलास आणि पुरणपोळी उजव्या हाताने खाल्लीस. मला वाटलं, चला, पोराला वळण लागलं. रात्री भांडी आवरताना आई म्हणाली, "वळण कसलं? त्याचं कोपर तोंडापर्यंत वाकत नाहीये."

रविवारी मी फोन करेन. खेळाचं तू काढलंस तर बोलू, नाहीतर तिकडे टेक्सासात अजून उकडतंय का, हे विचारेन. आईने मेतकूट आणि लिंबाचं लोणचं पार्सल केलंय, गुरुवारपर्यंत पोचेल. खोकं जड आहे, एकट्याने उचलू नकोस.

तुझा,
बाबा