नदीकाठच्या माणसाने दाद कुठे मागायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनच्या परदेशातील गुंतवणुकीवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. चीन आता परदेशात कोळशाऐवजी जलविद्युत, सौर आणि पवन ऊर्जेकडे वळतो आहे आणि त्यामुळे ही गुंतवणूक ‘हरित’ होते आहे, असा त्याचा सूर होता. शी जिनपिंग यांनी २१ सप्टेंबर २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत परदेशात कोळशावरचे नवे वीजप्रकल्प बांधणार नाही, असे जाहीर केले. तो निर्णय मोठा होता आणि त्याचे स्वागत मीही करतो. पण धरण म्हटले की ते आपोआप हरित ठरते, हे मात्र मला पटत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ तापीकाठी जलमापनात गेला. पावसाळ्यात होडीतून करंट मीटर सोडून प्रवाहाचा वेग मोजायचा, पुराचे पाणी बाटल्यांत भरून आणायचे, गाळायचे, गाळ ओव्हनमध्ये वाळवायचा आणि तोलून नोंदवहीत आकडा लिहायचा, हे आमचे काम. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. नदी म्हणजे पाणी आणि गाळ दोन्ही. वरच्या अंगाला तुम्ही पाणी अडवता तेव्हा गाळही अडतो. हतनूर धरणात किती गाळ साचला आहे, हे जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि गाळ वरच टाकून आलेले पाणी खाली रिकाम्या हाताने वाहत नाही, ते तळ आणि काठ खरवडू लागते.

म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातील कोका कोडो सिंक्लेअर या जलविद्युत प्रकल्पाची हकीकत मी गेली काही वर्षे जमेल तिथून वाचत आलो आहे. किहोस आणि सालादो या नद्यांच्या संगमावर, जिथून पुढे तिला कोका नदी म्हणतात, बंधारा, तिथून जवळजवळ पंचवीस किलोमीटरचा बोगदा, मग सुमारे ६२० मीटरची उडी आणि डोंगराच्या पोटातील वीजगृहात पाण्याच्या झोतावर फिरणारी आठ पेल्टन टर्बाइन. क्षमता १,५०० मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेच्या १,९६० मेगावॉटहून थोडी कमी. चीनच्या सायनोहायड्रो कंपनीने तो बांधला आणि चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेने सुमारे १.७ अब्ज डॉलरचे कर्ज ६.९ टक्के व्याजाने दिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये शी जिनपिंग इक्वेडोरला आले असताना त्याचे उद्घाटन झाले.

जागा कशी आहे ते पाहा. शेजारी रेव्हेन्तादोर हा जागृत ज्वालामुखी. मार्च १९८७ मध्ये या भागात मोठे भूकंप झाले, डोंगर घसरले, देशाची तेलवाहिनी वाहून गेली आणि सुमारे हजार माणसे दगावली. खोऱ्याचा तळ जुन्या लाव्ह्याचा आणि त्यामागे साठलेल्या भुसभुशीत गाळामातीचा. बंधाऱ्याच्या सुमारे १९ किलोमीटर खाली सान राफाएल हा धबधबा होता, १५० मीटरच्या आसपास उंचीचा, त्या देशातला सर्वांत उंच. लाव्ह्याचा तो टणक उंबरठा वरच्या सगळ्या नदीचा तळ धरून होता. आणि २०१० मध्ये झालेल्या एका स्वतंत्र पाहणीत असे म्हटले होते की, या नदीत वीजनिर्मितीसाठी किती पाणी आहे याचा अभ्यास जवळजवळ तीस वर्षांत नव्याने झालेला नाही. आयुष्यभर नदीच मोजत आलेल्या माणसाला हे वाक्य वाचून झोप लागत नाही. दीड हजार मेगावॉटचा आकडा तीस वर्षांपूर्वीच्या नोंदींवर ठरतो आणि त्यावर अब्जावधींचे कर्ज मंजूर होते!

२ फेब्रुवारी २०२० रोजी तो धबधबा नाहीसा झाला. नदीने उंबरठ्याच्या मागेच तळाला भोक पाडले आणि सगळे पाणी कड्याच्या खालून वाहू लागले. उंबरठा सुटल्यावर मागची भुसभुशीत माती धरायला काही उरले नाही. तळ खचत खचत वरच्या दिशेने, बंधाऱ्याकडे सरकू लागला. ७ एप्रिल २०२० रोजी काठ कोसळून तेलवाहिन्या तुटल्या आणि १५ हजार पिंपांहून अधिक खनिज तेल कोका नदीत, तिथून नापो नदीत आणि पुढे पेरू देशाच्या हद्दीत गेले. करोनाच्या टाळेबंदीचे ते दिवस. काठावरची किचवा आदिवासी गावे पिण्याचे पाणी आणि मासे दोन्हीसाठी त्याच नदीवर अवलंबून. जानेवारी २०२२ मध्ये तिथे पुन्हा एक तेलवाहिनी फुटली. डोंगरातला महामार्ग अनेकदा तुटला, सान लुईस या वस्तीतल्या लोकांना घरे सोडावी लागली. खरवडून आलेला गाळ वीजगृहाच्या पाणी सोडण्याच्या तोंडाशी साठतो, पुराच्या दिवसांत वरच्या बंधाऱ्यापाशी गाळ वाढला की संच बंद ठेवावे लागतात. टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या पोलादी नळांच्या जोडांत सापडलेल्या हजारो भेगा हा आणखी वेगळा वाद.

धबधबा बंधाऱ्यामुळेच कोसळला का, यावर भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते ज्वालामुखी आणि भूकंपांच्या त्या प्रदेशात हे कधीतरी होणारच होते. बंधाऱ्यात गाळ अडल्याने खाली झीज वाढली, असे इतर काही म्हणतात. माझे मत विचाराल तर जमीन मुळात कच्ची होती आणि बंधाऱ्याने तिला घाई केली. पण हे माझे मत चूक ठरले तरी प्रश्न सुटत नाही. जागा कच्ची होती तर मग एवढे कर्ज देणाऱ्या बँकेने गाळाचा, तळाचा आणि धबधब्याचा अभ्यास आधी का मागितला नाही?

याचे उत्तर बँकेच्या रीतीत आहे. चिनी सरकारी बँकांचा परंपरागत पवित्रा असा की, पर्यावरणाचे नियम ज्या देशात प्रकल्प आहे त्या देशाचे, त्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही. ऐकायला हे आदराचे वाटते. पण कर्जासाठी अडलेले सरकार स्वतःच्याच नियमांची किती कडक अंमलबजावणी करणार? २०१३ मध्ये चीनच्या वाणिज्य आणि पर्यावरण मंत्रालयांनी परदेशातल्या कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जुलै २०२१ मध्ये नवी आली, त्यांत यजमान देशाचे नियम अपुरे असतील तर आंतरराष्ट्रीय किंवा चीनचे कडक निकष पाळावेत, असे सांगितले. २०२२ मध्ये बँकांसाठी हरित वित्ताचे नियम आले आणि त्यांत तक्रारी ऐकण्याचाही उल्लेख आहे. दिशा बरोबर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र २०१३ आणि २०२१ च्या या कागदांची भाषा बहुतेक उत्तेजन देण्याची आहे, बंधनाची नाही. आणि तेल मिसळलेले पाणी प्यायलेल्या किचवा गावकऱ्याने बीजिंगच्या कोणत्या खिडकीवर जायचे, हे त्यांतून कळत नाही. ही गावे इक्वेडोरच्या न्यायालयात गेली, ती तेलकंपन्या आणि सरकार यांच्याविरुद्ध. सप्टेंबर २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. त्या सगळ्या प्रकरणात धरणाला पैसे देणारी बँक कुठेच नव्हती.

जिथे दाद मागायची सोय होती तिथे वेगळे घडले. केनियाच्या किनाऱ्यावर लामू येथे चिनी भांडवलावर १,०५० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र होणार होते. मच्छीमार आणि रहिवासी केनियाच्याच राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणात गेले. २६ जून २०१९ रोजी न्यायाधिकरणाने परवाना रद्द केला. लोकांना नीट विचारलेच नव्हते, हे त्याचे मुख्य कारण. पुढच्या वर्षी चीनच्या आयसीबीसी बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. पण ही सोय केनियाच्या कायद्याने दिलेली होती, बँकेने नव्हे.

आता हे पत्र नंदुरबार जिल्ह्यातून का लिहितो आहे, ते सांगतो. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँकेलाच बाधित माणसाने जाब विचारावा, अशी सोय जगात पहिल्यांदा झाली तिचे मूळ आमच्या सातपुड्यात आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आमच्या जिल्ह्यातील ३३ गावे बुडितात येणार होती. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे त्यांतले अगदी पहिले. गावे हलली नाहीत, नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले, आणि शेवटी बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. या मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्ही बाबतींत बँकेचे वाभाडे काढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले, ज्याच्याकडे कोणत्याही देशातील दोन बाधित माणसे थेट तक्रार करू शकतात. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्यालाही मणिबेलीचे नाव दिले. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्यात गेले. आमच्या माणसांना त्या मंडळाचा काही उपयोग झाला नाही, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. पण जगातल्या इतरांना झाला. आंध्रात अमरावती या नव्या राजधानीसाठी जागतिक बँक कर्ज देणार होती, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये याच मंडळाकडे तक्रार केली होती.

अमरावतीच्या त्या प्रस्तावित कर्जात दुसरी एक बँक होती. बीजिंगला मुख्यालय असलेली आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक, जिला एआयआयबी म्हणतात. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने जागतिक बँकेकडची कर्जाची मागणी मागे घेतल्यावर तिनेही अमरावती सोडली. ही बँक आपल्याला परकी नाही. चीन तिचा सर्वांत मोठा भागधारक, दुसऱ्या क्रमांकावर भारत. जून २०१८ मध्ये तिची वार्षिक सभा मुंबईत भरली. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी तिने ५० कोटी डॉलरचे कर्ज दिले आहे. विरार-डहाणू चौपदरीकरण, पनवेल-कर्जत मार्ग, ऐरोली-कळवा जोडमार्ग ही त्यातली कामे.

या बँकेत २०१९ पासून बाधितांच्या तक्रारींसाठी यंत्रणा आहे. चीनच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेत हे झाले, याचे श्रेय दिलेच पाहिजे, कारण एक्झिम बँकेत असे काही नाही. पण तिच्यातही पळवाट आहे. एआयआयबीने दुसऱ्या बँकेबरोबर मिळून कर्ज दिले आणि त्या बँकेचे पर्यावरण नियम लावायचे ठरले, तर तक्रारही त्या दुसऱ्या बँकेकडेच करायची. शिवाय आधी प्रकल्पाच्या पातळीवर, मग बँकेच्या व्यवस्थापनाकडे जाऊन यायचे आणि मगच या यंत्रणेकडे. हा जिना चढायला सल्लागार लागतो, तो किती गावांना परवडणार?

माझी मुलगी पालघरला असते. तिच्याकडे गेलो असताना रुळांलगतच्या वस्तीतल्या काही जणांशी बोललो. हे काम कुणाच्या कर्जातून होते आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते. मग तक्रारीची यंत्रणा ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.

चीनच्या धोरणाला इथून वळण लावणे आपल्या हातात नाही, असे काही वाचक म्हणतील. एक्झिम बँकेबाबत ते बरेचसे खरे आहे. एआयआयबीत मात्र भारताचा प्रतिनिधी संचालक मंडळावर बसतो. दुसऱ्या क्रमांकाच्या भागधारकाने सहकर्जाची ती पळवाट बंद करण्याची मागणी केली, तर ती ऐकून घ्यावीच लागेल. जलविद्युत प्रकल्पाच्या कर्जाआधी किमान काही वर्षांची, अलीकडची गाळाची आणि प्रवाहाची मोजणी सक्तीची करा, ही दुसरी मागणी. ती खर्चिक नाही. एका जलमापन केंद्राला लागतात चार-पाच माणसे, एक होडी, एक ओव्हन आणि पावसाळ्यात न चुकता लिहिलेली वही.

महाराष्ट्रातील खासदारांनी हे दोन मुद्दे अर्थमंत्रालयाला विचारावेत, अशी माझी विनंती आहे. आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. एआयआयबीकडे तक्रार कशी करायची, आधी कुणाकडे जायचे आणि कोणते कागद लागतात, याची माहिती सोप्या मराठीत एकदा छापा. पालघर, रायगड आणि ठाणे जिल्ह्यांच्या आवृत्त्यांत ती आवर्जून द्या.

आपला नम्र,
एक निवृत्त जलमापन अभियंता, शहादा, जि. नंदुरबार